गॅसवर ठणठणीत चालणारा बर्नर तेलावर घेतला की फ्लेम फेल का देतो

विचारणा थोडक्यात अशी आहे. ड्युअल फ्युएल बर्नर, म्हणजे गॅस आणि तेल दोन्हीवर चालणारा, त्यावर एकच यूव्ही फ्लेम स्कॅनर (ज्योतीतला अतिनील उजेड बघून ज्योत आहे की नाही ते सांगणारा). गॅसवर काही तक्रार नाही. फर्नेस ऑइलवर घेतला की लो फायरला (कमी लोडवर) सिग्नल बऱ्यापैकी असतो, पण लोड वाढवत गेलं की सिग्नल खाली खाली येतो आणि शेवटी फ्लेम फेल दाखवून बर्नर लॉकआउटला जातो, म्हणजे इंधन तोडून बंद पडतो. पीप होलमधून बघावं तर चांगली मोठी पिवळीधमक ज्योत. स्कॅनर दोनदा बदलून झाला, फरक शून्य. आता विचारलंय की अँप्लिफायरची (स्कॅनरचा सिग्नल मोजणाऱ्या भागाची) सेन्सिटिव्हिटी वाढवू का, नाहीतर यूव्ही काढून आयआर (अवरक्त उजेड बघणारा स्कॅनर) लावू का.

आधी सरळ उत्तर देतो. सेन्सिटिव्हिटीला हात लावू नका. आयआर कदाचित लागेलही, पण त्याच्या आधी बघायच्या काही गोष्टी आहेत ज्यांना फारसे पैसे पडत नाहीत, आणि आयआर घाईघाईत लावलात तर आगीतून उठून फुफाट्यात पडाल. आणि दोन नवे स्कॅनर लावूनही तोच आजार राहिलाय म्हणजे स्कॅनर निर्दोष आहे असं आता धरून चाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय.

आता "ज्योत मला दिसतेय मग त्याला का दिसत नाही" हे बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड बघतो. तेलाच्या ज्योतीचा जो पिवळा उजेड असतो तो काजळीच्या तापलेल्या बारीक कणांचा, म्हणजे भट्टीची वीट तापून लाल-पिवळी दिसते तोच प्रकार. बर्नरवरच्या नेहमीच्या यूव्ही ट्यूबला मात्र साधारण १८५ ते २६० नॅनोमीटर एवढाच पट्टा दिसतो. त्या पट्ट्यात काजळीचं तेज गणतीत धरू नये इतकं कमी असतं. तिथे जो काही प्रकाश येतो तो जळण्याच्या रासायनिक क्रियेतून येतो. इंधन जळताना ओएच नावाचे रॅडिकल उत्तेजित अवस्थेत तयार होतात आणि ती जास्तीची ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतात. त्यांचा मुख्य पट्टा ३०८ नॅनोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याहून बरेच कमजोर पट्टे २८३ आणि २६२ च्या जवळ. म्हणजे गंमत बघा, ट्यूबला ओएचचा मुख्य पट्टा दिसतच नाही, तिच्या वाट्याला नुसती शेपटी येते.

हे असं मुद्दामच केलेलं आहे. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात २९० नॅनोमीटरच्या खाली ओझोनमुळे जवळजवळ काहीच उरत नाही, त्यामुळे १८५ ते २६० मध्येच बघणाऱ्या ट्यूबला ऊन दिसत नाही, बल्ब दिसत नाही, लालभडक वीटही दिसत नाही. फक्त ज्योत. त्या बदल्यात सिग्नल तोकडा मिळतो, म्हणून ट्यूबची रचनाच एकेक फोटॉन मोजल्यासारखी असते. यूव्ही आरपार जाऊ देणाऱ्या काचेच्या फुग्यात कमी दाबाचा गॅस, दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यावर काही शे व्होल्ट. फोटॉन कॅथोडवर आपटला की इलेक्ट्रॉन सुटतो, तो वाटेतल्या गॅसमधून आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, साखळी लागते आणि एक पल्स मिळतो. अँप्लिफायर या पल्स मोजतो आणि तुम्हाला मायक्रोअँप किंवा व्होल्टमध्ये आकडा दाखवतो. (ट्यूब पेटते तेव्हा ती स्वतःही थोडं यूव्ही सोडते, म्हणून दोन यूव्ही स्कॅनर कधी समोरासमोर लावू नयेत. एकाला ज्योत दिसली की दुसऱ्यालाही "दिसते".)

तर गॅस आणि तेलात फरक कुठे पडतो? नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन या पट्ट्यात पारदर्शक आहे, त्यामुळे न जळलेला गॅस मधे असला तरी यूव्ही त्यातून निघून येतं. फर्नेस ऑइलचं तसं नाही. त्याच्या वाफेत बेंझिनसारख्या कड्या असलेली संयुगं भरपूर असतात आणि ती नेमकी २०० ते २७० च्या पट्ट्यातलं यूव्ही गिळून टाकतात. वर न जळलेले थेंब आहेतच, ते उजेड इकडे तिकडे फेकतात. म्हणजे तुमचा स्कॅनर बर्नरच्या मागून बघतोय, त्याच्यापुढे आधी तेलाच्या फवाऱ्याचा सुळका आणि त्याच्या पलीकडे जळणारा भाग. दाट धुक्यात समोरच्या गाडीचा दिवा असून नसल्यासारखा होतो तसं. लोड वाढवला की तेल वाढतं, सुळका रुंद आणि लांब होतो, पेट घेण्याची जागा पुढे सरकते, पडदा दाट होतो. ज्योत मोठी होतेय आणि सिग्नल कमी होतोय हे उलटं वाटलं तरी त्यात काही जादू नाही.

इथपर्यंत सगळं "तेलच तसं आहे" असं वाटेल, पण थांबा. असेच बर्नर यूव्ही स्कॅनरवर तेलावर वर्षानुवर्षं चालतातही. म्हणजे कुठेतरी मार्जिन आधीच खाल्लं गेलंय आणि तेलाने शेवटचा घाव घातलाय. गॅसवर हाय फायरला तुमचा आकडा किती येतो ते लिहिलेलं नाही. स्कॅनरच्या पुस्तकात कमीत कमी किती हवा आणि चांगला कधी म्हणायचा हे दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. गॅसवरही तो जेमतेमच असेल तर अडचण तेलाची नाही, तेलाने फक्त ती उघडी पाडली.

पहिली गोष्ट, काच. साइट पाइपच्या (स्कॅनर ज्या नळीतून ज्योत बघतो तिच्या) तोंडाशी जी खिडकी असते ती क्वार्ट्जची किंवा सफायरचीच लागते. साधी काच डोळ्याला एकदम स्वच्छ दिसते पण ३०० नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ सगळं अडवते, म्हणजे यूव्ही ट्यूबसाठी ती भिंतच. एका ठिकाणी खिडकी तडकली म्हणून कोणीतरी साध्या काचेची चकती मापात छान कापून, गॅस्केट वगैरे घालून बसवली होती आणि मग अँप्लिफायर बदल, केबल बदल, कंट्रोलर बदल असं सगळं होऊन गेलं. चकती काढून पाइप उघडा ठेवला तर सुई टोकाला. तुमच्याकडे गॅसवर सिग्नल येतोय म्हणजे काच बहुधा बरोबर असेल, पण तिच्यावर तेलाचा पातळ थर असू शकतो. तो डोळ्याला दिसत नाही, यूव्हीला मात्र चांगलाच जाणवतो. बोटाचा चिकटपणासुद्धा पुरतो. स्पिरिटने पुसा, स्वच्छ कापडाने, आणि पुसण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. पुसल्यावर सुधारतोय आणि पुन्हा घसरतोय असं दिसलं तर चोर सापडला, तेलाची वाफ साइट पाइपमध्ये मागे येतेय.

ती का येते? पर्ज एअर, म्हणजे साइट पाइप साफ ठेवायला त्यात सोडलेली हवा, कमी पडते म्हणून. बऱ्याच बर्नरवर साइट पाइपची पर्ज हवा विंडबॉक्समधूनच (बर्नरला हवा पुरवणाऱ्या पेटीतूनच) घेतलेली असते, वेगळी लाइन नको म्हणून. आता विंडबॉक्स आणि फर्नेस यांच्या दाबातला फरक लोडप्रमाणे बदलतो, हाय फायरला फर्नेसचा दाब वर चढलेला असतो, तेलाची ज्योत जरा धडधडत असली तर त्या प्रत्येक धक्क्याला पाइपमध्ये मागे श्वास आल्यासारखं होतं. हे तपासायला साधा यू ट्यूब मॅनोमीटर पुरतो: एक टोक साइट पाइपच्या पर्ज टॅपिंगला, दुसरं फर्नेसला, आणि लो फायरपासून हाय फायरपर्यंत लोड न्यायचा. पर्जचा दाब प्रत्येक ठिकाणी फर्नेसपेक्षा वर राहिला पाहिजे, आणि पाणी नाचत असेल तर ते किती नाचतंय तेही बघायचं. काही लोक मग यावर उपाय म्हणून कॉम्प्रेस्ड एअर जोडतात. चालतं, पण ती कोरडी आणि तेल नसलेली हवी, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल तुम्ही स्वतःच काचेवर फवारताय.

दुसरी गोष्ट, नजर. म्हणजे साइटिंग. यूव्ही सगळ्या ज्योतीतून सारखं येत नाही, ते जिथे जळण्याची क्रिया जोरात चाललेली असते तिथून येतं, म्हणजे ज्योतीच्या मुळाजवळचा साधारण पहिला तृतीयांश. पुढचा जो मोठा पिवळा भाग तुम्हाला पीप होलमधून आवडतो त्याचा यूव्ही स्कॅनरला काडीचा उपयोग नाही. बसवताना स्कॅनरची रेषा बर्नरच्या अक्षाला थोडी तिरकी ठेवतात, ५ ते १५ अंश, म्हणजे ती मुळाच्या भागातून जास्तीत जास्त लांबीने जाते आणि फवाऱ्याच्या सुळक्यातून कमीत कमी. तुमच्याकडे स्विव्हेल माउंट असेल तर बोल्ट किंचित सैल करून, बर्नर तेलावर मध्यम लोडला धरून, मीटरवर एकाने लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्याने स्कॅनर अगदी हळू, केसभर केसभर फिरवायचा. प्रत्येक जागी दोन-चार सेकंद थांबा, अँप्लिफायर सरासरी काढतो म्हणून सुई उशिरा हलते. सिग्नल जिथे सर्वात वर येतो तीच जागा बरोबर असं मात्र समजू नका. त्याच जागेवरून पायलट (मेन ज्योत पेटवणारी छोटी ज्योत) दिसला पाहिजे, गॅसची ज्योत लो आणि हाय फायरला दिसली पाहिजे, तेलाची दोन्हीकडे दिसली पाहिजे. सगळीकडे पुरेसा सिग्नल देणारी जागा शोधायची, एका ठिकाणी भरघोस देणारी नव्हे. आणि मधे डिफ्यूजरचं (हवा फिरवणाऱ्या चकतीचं) पातं किंवा गनचा (तेल फवारणाऱ्या नळीचा) पाइप येत नाही ना ते स्कॅनर काढून त्याच पाइपमधून स्वतः डोळ्याने बघा, अर्थात बर्नर बंद आणि फ्युएल आयसोलेट करून. डिफ्यूजर बदलताना एक खाच फिरून बसला की स्कॅनरसाठी ठेवलेली खिडकी पात्याआड जाते, आणि मेंटेनन्सनंतर "अचानक" सिग्नल कमी झाल्याच्या तक्रारींमागे हे बऱ्याचदा निघतं.

तिसरी गोष्ट जी कोणी बघत नाही: स्कॅनर खरंच सांगत असेल तर? तेल पुरेसं गरम नसेल, नोझल झिजलं असेल, ॲटमायझिंग वाफ (तेलाचे बारीक थेंब करणारी) ओली असेल किंवा तिचा दाब लोडबरोबर वाढत नसेल, तर थेंब जाड पडतात, ज्योत मुळापासून सुटते, मुळाशी धूर आणि धुकं. जड फर्नेस ऑइल नोझलपाशी साधारण १५ ते २० सेंटिस्टोक एवढ्या पातळपणाला आणावं लागतं आणि त्यासाठी ते १०० अंशांच्या पुढे तापवावं लागतं, आणि हीटरचा थर्मामीटर जे दाखवतो ते आणि गनपाशी पोचतं ते यात फरक असतो, विशेषतः हाय फायरला जेव्हा तेल पटापट वाहतं आणि हीटर मागे पडतो. चिमणीतून हाय फायरला काळा धूर, फ्लू गॅसमध्ये (चिमणीतून जाणाऱ्या वायूत) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, वाढलेला, बर्नरच्या तोंडावर कोकचा थर, यातलं काही असेल तर स्कॅनरचा विषय बंद करा आणि आधी ॲटमायझेशन सुधारा. माझा अंदाज विचाराल तर "लो फायरला ठीक, हाय फायरला पडतो" या लक्षणात मला याचाच वास येतोय.

आता सेन्सिटिव्हिटी का नको ते. लोकांना फॉल्स ट्रिपचा राग येतो कारण तो दिसतो, प्रॉडक्शन थांबतं, फोन येतात. उलट चूक, म्हणजे ज्योत नसताना "आहे" म्हणणं, ती दिसत नाही, एकदाच दिसते. तासाला १००० घनमीटर गॅस जाळणारा बर्नर घ्या, साधारण १० मेगावॉट. ज्योत विझली आणि व्हॉल्व्ह ४ सेकंद उघडा राहिला तर १.१ घनमीटर गॅस आत गेला. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोटक, म्हणजे १० टक्के धरलं तरी ११ घनमीटर स्फोटक मिश्रण आणि शेजारी तापलेली वीट ते पेटवायला तयार. म्हणूनच ज्योत गेल्यापासून व्हॉल्व्ह बंद व्हायला किती वेळ चालेल यावर नियम आहेत, एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमांत ४ सेकंदांपर्यंत, युरोपियन पद्धतीच्या गॅस बर्नर कंट्रोलमध्ये साधारण १ सेकंद. सेन्सिटिव्हिटी वाढवली की हे सगळं गणित पोकळ होतं, कारण मग ट्यूबला ज्या गोष्टी दिसू नयेत त्या दिसायला लागतात.

कोणत्या गोष्टी? सगळ्यात आधी इग्निशनची ठिणगी. हाय टेन्शन स्पार्कमध्ये यूव्ही ठासून भरलेलं असतं आणि तो सरळ दिसला नाही तरी चकचकीत धातूवरून परावर्तित होऊन येतो. मग पायलट पेटलाच नाही तरी कंट्रोलरला वाटतं पेटला आणि तो मेन व्हॉल्व्ह उघडतो. याची टेस्ट सोपी आहे आणि प्रत्येक ठिकाणी करायलाच हवी: पायलट आणि मेन दोन्हीकडचे हातव्हॉल्व्ह बंद, सिक्वेन्स सुरू, स्पार्क चालू असताना मीटर बघा. आकडा हलता कामा नये आणि पेटवण्याची ट्रायल संपल्यावर लॉकआउट आलाच पाहिजे. दुसरी गोष्ट रिफ्रॅक्टरी, म्हणजे भट्टीची वीट. साधारण १३७० अंश सेल्सिअसच्या वर वीट गेली आणि स्कॅनरच्या नजरेचा मोठा भाग तिने व्यापला तर यूव्ही ट्यूबलाही ती दिसू शकते. बॉयलरमध्ये हे क्वचित, पण काचेच्या आणि स्टीलच्या भट्ट्यांमध्ये नेहमीचं.

आणि तिसरी गोष्ट ट्यूब स्वतः. या ट्यूबचं आयुष्य साधारण १०,००० तास धरतात, जास्त गरम जागी त्याहून कमी. म्हातारी झाली की कधीकधी ती आंधळी होत नाही, उलट यूव्ही नसतानाही आपोआप पल्स देत राहते, आणि अँप्लिफायरला ते हुबेहूब ज्योतीसारखं दिसतं. साधा कंट्रोलर हे फक्त सुरू होताना पकडतो, पर्जच्या वेळी (पेटवण्याआधी फर्नेस हवेने साफ करताना) ज्योतीचा सिग्नल दिसला की पुढे जाऊ देत नाही. म्हणून साधा स्कॅनर असेल तर बर्नर २४ तासांत एकदा तरी बंद होऊन पुन्हा सुरू झाला पाहिजे. तुमचा बर्नर आठवडा आठवडा सलग चालत असेल तर सेल्फ-चेक वाला स्कॅनर हवा, ज्यात ट्यूबसमोर एक छोटं शटर ठराविक वेळाने पडतं आणि त्या क्षणी सिग्नल शून्य होतो का ते कंट्रोलर बघतो. शटरची टकटक हात लावला की बोटाला जाणवते. ती थांबली असेल तर स्कॅनर बदला. तुमच्याकडे कोणता आहे ते लिहिलं नाहीत, पण दोनदा बदलताना स्टॉकमध्ये होता म्हणून सेल्फ-चेकच्या जागी साधा लावला असं झालेलं नाही ना, एवढं आजच बघा.

आता आयआर. ज्या स्कॅनरबद्दल बोलताय तो बहुतेक लेड सल्फाइड सेलचा असेल, १ ते ३ मायक्रॉनमध्ये बघणारा. तेलाच्या धुक्यातून आणि काजळीतून आयआर यूव्हीपेक्षा खूपच बरं निघून येतं आणि तेलाच्या ज्योतीत ते मुबलकही असतं, म्हणून तेलासाठी तो स्वाभाविक पर्याय आहे हे खरं. अडचण अशी की त्याला बाकी सगळंही दिसतं. १२०० अंशाची वीट घ्या, म्हणजे १४७३ केल्विन. वीनच्या नियमाने २८९८ ला १४७३ ने भागलं की तिचा सर्वाधिक उजेड २ मायक्रॉनच्या आसपास पडतो, म्हणजे सेलच्या नजरेच्या बरोब्बर मध्यावर. ज्योत विझली तरी वीट चमकत राहणार. यावर तोड म्हणजे फ्लिकर. ज्योतीचा उजेड सतत थरथरत असतो, सेकंदाला काही वेळा ते काही शे वेळा, मुळाजवळ जास्त वेगाने आणि पुढे गेलं की संथ. वीट मात्र स्थिर चमकते. अँप्लिफायर स्थिर भाग टाकून देतो आणि थरथर तेवढी मोजतो.

ऐकायला झकास आहे. पण बर्नर बंद झाल्यावर गनमधून ठिबकणारं तेल, वाफ, धूर किंवा नुसती गरम हवा जर वीट आणि स्कॅनरच्या मधे लहरत राहिली तर विटेचा स्थिर उजेडसुद्धा थरथरता होऊन स्कॅनरकडे येतो आणि त्याला वाटतं ज्योत आहे. हे खरंच होतं, आणि नेमकं तेलाच्या बर्नरवर, तापलेल्या फर्नेसमध्ये होतं, म्हणजे तुमच्याच ठिकाणी. म्हणून आयआरची नजर अशी लावायची की पाठीमागे वीट शक्यतो येऊच नये, आलीच तर साइट पाइप लांब किंवा तोंडाशी छोटं ओरिफिस टाकून नजर अरुंद करायची. शिवाय लेड सल्फाइडला उष्णता सोसत नाही, ५० अंशांच्या आसपास त्याची मर्यादा येते आणि तापेल तशी संवेदना कमी होते, तेव्हा बर्नरच्या तोंडाशी बसवायचा तर उष्णता अडवणारा निपल आणि कूलिंग एअर दोन्ही लागतील. आणि केबल: थरथर मोजणाऱ्या सर्किटला मेन्सचा ५० किंवा १०० हर्ट्झचा हमसुद्धा थरथरच वाटतो, म्हणून शील्डेड केबल, शील्ड एकाच टोकाला अर्थ, आणि इग्निशनच्या केबलपासून वेगळा कंड्यूट. हे शेवटचं यूव्हीलाही लागू आहे.

मधला एक मार्गही आहे जो लोक विसरतात. सिलिकॉन कार्बाइड फोटोडायोडवाले यूव्ही हेड मिळतात, ते साधारण २०० ते ४०० नॅनोमीटर बघतात, म्हणजे ओएचचा ३०८ चा मुख्य पट्टा त्यांना पूर्ण मिळतो. ट्यूबसारखं शेपटीवर भागवावं लागत नाही, काही शे व्होल्टही लागत नाहीत, आणि आपोआप पल्स देण्याचा आजारही नाही. उन्हातलं थोडं यूव्ही त्यांना दिसतं, पण बंद फर्नेसमध्ये त्याने बिघडत नाही. तेलाच्या दाट धुक्यापुढे तेही दमतात, तरी ट्यूबपेक्षा बरं मार्जिन देतात. फक्त तुमच्या कंट्रोलरशी ते जुळतंय का हे बघूनच घ्या. एका कंपनीचा हेड आणि दुसऱ्याचा अँप्लिफायर असला जुगाड सेफ्टी सर्किटमध्ये नको. यूव्ही आणि आयआर एकाच डबीत असलेलेही येतात. दोन्हीपैकी एकाला ज्योत दिसली तरी चालेल अशी जोडणी केली तर ट्रिप कमी होतात, पण फसण्याच्या दोघांच्या तऱ्हाही एकत्र येतात, म्हणजे स्पार्कही फसवणार आणि वीटही. म्हणून त्यावर टेस्ट दुप्पट काळजीने करायच्या.

फ्लेम रॉडचं (ज्योतीत धरलेली, तिच्यातल्या आयनांमुळे वाहणारा करंट मोजणारी सळई) कोणीतरी सुचवेलच. गॅसच्या पायलटवर तो उत्तम, तेलावर काजळी धरून काही तासांत निकामी, तेव्हा तो विषय नको. पुढेमागे गॅसमध्ये हायड्रोजन मिसळायची भाषा तुमच्याकडे सुरू झाली तर एवढं लक्षात ठेवा की शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत कार्बन नसल्याने आयन जवळजवळ तयार होत नाहीत आणि रॉड गप्प बसतो. यूव्हीला मात्र ती ज्योत छान दिसते, डोळ्याला दिसत नसली तरी.

मी तुमच्या जागी असतो तर असा क्रम धरला असता. आधी गॅसवर आणि तेलावर, लोडच्या चार-पाच पायऱ्यांवर सिग्नलचे आकडे लिहून काढायचे, शेजारी तेलाचं गनपाशी मोजलेलं तापमान, तेलाचा आणि ॲटमायझिंग वाफेचा दाब, आणि फ्लू गॅसचा ऑक्सिजन व सीओ. तो कागद समोर ठेवला की निम्मं उत्तर तिथेच दिसतं: सिग्नल आणि सीओ एकाच पायरीला बिघडत असतील तर जळण्यात खोट आहे, सीओ चांगला असून फक्त सिग्नल पडत असेल तर पडदा किंवा नजर. मग काच, पर्ज, नजर. हे सगळं करूनही हाय फायरला आकडा किमानाच्या जवळच घोटाळत असेल तर यूव्ही ट्यूब त्या जागी पुरत नाही, बदला, आणि कागद सप्लायरला दाखवून बदला.

बदलल्यावर, आणि नजर नुसती हलवली तरीसुद्धा, टेस्ट पुन्हा. स्पार्कची वर सांगितली. पायलटची अशी की मेन हातव्हॉल्व्ह बंद ठेवून पायलटचा गॅस हळूहळू कमी करत न्यायचा, ज्या सर्वात छोट्या पायलटला स्कॅनर अजून "आहे" म्हणतो तिथे थांबायचं आणि मग तेवढ्या पायलटवर मेन पेटवून बघायचा. मेन लगेच, न धडकता पेटला पाहिजे. नाही पेटला तर स्कॅनर पायलटची नको ती बाजू बघतोय, नजर अशी हलवा की तेवढा पायलट त्याला दिसणारच नाही. ही टेस्ट गॅसवर आणि तेलावर वेगवेगळी, आणि ज्याने आधी केलेली आहे असा माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका, दर प्रयत्नामागे पूर्ण पर्ज.

आणि आयआर लावलात तर शेवटची: बर्नर तेलावर हाय फायरला फर्नेस पूर्ण तापेपर्यंत चालवायचा, काही तास, मग तेलाचा हातव्हॉल्व्ह झटक्यात बंद करून स्टॉपवॉच लावायचं. फ्लेम रिले ठरलेल्या वेळात सुटला पाहिजे आणि त्यानंतरची पाचेक मिनिटं, गन ठिबकत असताना, वाफ निघत असताना, पुन्हा एकदाही ओढता ("ज्योत आहे" म्हणून चालू होता) कामा नये. ओढला तर नजर बदलून परत तीच टेस्ट, थंड फर्नेसवर नाही, तशाच तापलेल्या.